स्वस्त मल्टीमीटर : निवड आणि पारख

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मल्टीमीटरवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. वर्गात मी मराठी वाङ्मय आणि अर्थशास्त्र शिकतो. परंतु फावल्या वेळात जुने रेडिओ, चार्जर आणि एलईडीचे बल्ब उघडून बसण्याचा मला छंद आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकलेल्या माणसाला सर्व काही आलेच पाहिजे, अशी आईची समजूत असल्यामुळे बिघडलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्यापुढे येते.

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. या तिन्हींसाठी पूर्वी वेगवेगळी उपकरणे बाळगावी लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याने त्यांचे एकत्रीकरण केले आणि 1923 साली ‘अ‍ॅव्हो’ मीटर बाजारात आले. अँपिअर, व्होल्ट, ओहम या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. आपल्या महाराष्ट्राचाही या क्षेत्रात वाटा आहे. गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या मोटवाने घराण्याच्या नाशिक रोड येथील कारखान्यातील काट्याची मीटरे अनेक प्रयोगशाळांतून वापरली गेली. नाशिकचीच ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी 1982 साली स्थापन झाली. तीही मल्टीमीटर बनविते.

माझे पहिले मीटर मात्र अगदी साधे होते. कारंज्याच्या बाजारातून अडीचशे रुपयांना घेतलेले, पिवळ्या रंगाचे. आकडे स्पष्ट दिसत, म्हणून ते खरेच बोलते असा माझा विश्वास होता. तो विश्वास कसा उडाला, ते सांगतो.

गेल्या रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. वीज रात्रीची. बाबा, काका आणि मी विहिरीवर गेलो. पण मोटार सुरू होईना. बाबांनी स्टार्टरची पेटी उघडली आणि मला म्हणाले, "पाह्य बरं, लाईन हाय का?" मी मीटर 750 व्होल्टवर ठेवून तिन्ही फेज एकमेकांशी तपासले. सगळीकडे शून्य. "लाईन नाही, बाबा," असे मी ऐटीत सांगितले. बाबांनी वायर घट्ट करण्यासाठी हात पुढे केला, तोच काका ओरडले, "थांब! अरे, खोपडीतला बलब तं पेटेल हाय, मंग लाईन गेली कुठं?"

बाबांचा हात जागीच थांबला. काकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही; पण त्यांनी दिव्याकडे पाहिले आणि मी फक्त आकड्याकडे पाहिले. सकाळी घरी मीटरची वायर वाकवून पाहिली, तेव्हा मुठीजवळ ती आतून तुटलेली आढळली. वायर तुटल्यावर मीटर ‘मला कळत नाही’ असे म्हणत नाही. ते शून्य म्हणते. माझ्या एका वाक्यावर विश्वासून बाबा त्या पेटीत हात घालणार होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतर सोयाबीनच्या सोंगणीच्या मजुरीतून साठविलेले अकराशे रुपये घेऊन मी अकोल्याला गेलो आणि दुसरे मीटर आणले. घेताना ज्या गोष्टी पाहिल्या, त्या छंद असणाऱ्या मित्रांसाठी क्रमाने देतो.

पहिली गोष्ट वायरींची. दुकानातच मीटर 200 ओहमवर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना लावावीत. आकडा शून्याच्या जवळ, म्हणजे एका ओहमच्या आत यावा. मग वायरी हलवून पाहाव्यात. आकडा उड्या मारू लागला तर ते मीटर परत ठेवावे.

दुसरी गोष्ट आकडा वाचण्याची. स्वस्त मीटर 1999 पर्यंतच मोजते. मर्यादा ओलांडली की डावीकडे नुसता ‘1’ दिसतो. 200 व्होल्टच्या जागेवर घरातील 230 व्होल्ट मोजू गेल्यास हाच ‘1’ दिसेल, आणि नवख्या माणसाला तो एक व्होल्ट वाटेल! म्हणून नेहमी मोठ्या मर्यादेपासून खाली यावे.

तिसरी गोष्ट मीटरच्या स्वतःच्या रोधाची. मोजताना मीटरही थोडा प्रवाह खाते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एक मेगओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर 4.5 व्होल्ट असतात. मीटरचा रोध एक मेगओहम असेल तर ते तेथे केवळ 3 व्होल्ट दाखवील. दहा मेगओहमचे मीटर सुमारे 4.3 दाखवील. म्हणून माहितीपत्रकात दहा मेगओहम लिहिले आहे का, ते पाहावे.

चौथी गोष्ट फ्यूजची. पुष्कळ स्वस्त मीटरांत दहा अँपिअरच्या भोकाला फ्यूज नसतो. वायर त्या भोकात विसरून कोणी विजेचा दाब मोजू लागला, तर तो थेट शॉर्टसर्किट करतो. सर्व भोकांना फ्यूज असलेले मीटर घ्यावे, आणि वापर झाला की वायर व्होल्टच्या भोकात परत लावावी.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेच्या वर्गाची. ‘कॅट दोन’ हा वर्ग घरातील प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी, तर ‘कॅट तीन’ हा इमारतीतील वितरण फळ्यासारख्या पक्क्या जोडणीसाठी असतो. मात्र नुसते छापले म्हणजे सिद्ध झाले, असे नाही. स्वस्त पिवळे मीटर सेल आणि बॅटरीच्या प्रयोगांपुरतेच ठेवावे. मोटारीची पेटी हे वायरमनचे काम आहे, हे मीही आता मान्य केले आहे.

शेवटची गोष्ट आतल्या बॅटरीची. ती उतरली की अनेक स्वस्त मीटरे खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवितात. बॅटरीचे चिन्ह दिसताच ती बदलावी आणि अधूनमधून नवा सेल मोजून पाहावा. तो दीड व्होल्टच्या किंचित वर भरला पाहिजे.

एवढे करूनही एक नियम उरतो, आणि तो कोणत्याही किमतीच्या मीटरला लागू आहे. शून्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी मीटर आधी वीज असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून पाहावे; मग संशयाची जागा तपासावी; आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी लावून ते अजून चालते आहे याची खात्री करावी. या तीन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

नवे मीटर घरी आणले तेव्हा काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हे तरी खरं बोलते का?" मी म्हणालो, "बोलते काका. पण आधी बलब पाहीन." काका हसले. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला निरोप धाडला.