देशी झाडें, शाळेचीं मुलें आणि उन्हाळ्याचें पाणी

पावसाळा लागला म्हणजे शाळांतून व मंडळांतून वृक्षारोपणाची एकच धांदल उडते. वनमहोत्सवाची प्रथा १९५० सालीं सुरू झाली. पुढें २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत मिळून पन्नास कोटि झाडें लावण्याचा संकल्प महाराष्ट्र शासनानें सोडला होता. झाड लावावयास माणसें मिळतात. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत तें राखावयास मिळत नाहींत. उचगांवास एका अंगानें कोल्हापूर शहर येऊन भिडलें आहे व उरल्या शेतांत ऊंस बांधापर्यंत पोंचला आहे. अशा गांवीं जुनीं देशी झाडें परत आणावयाचीं, तर स्वयंसेवकांच्या व मुलांच्या कामाची व्यवस्था कशी लावावी, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

देशी झाड म्हणजे कोणतें, हें आधीं मुलांस ठाऊक पाहिजे. गुलमोहर मादागास्कर बेटांतला, सुबाभूळ व गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचीं. उंबर, जांभूळ, करंज, ओढ्याकाठचा वाळुंज, माळावरचे पळस, आपटा व बहावा हीं आपलीं. जागा निवडतांना शेतकऱ्याची अडचण मोकळेपणानें मान्य करावी. उंसास ऊन लागतें. बांधावर उंबर लावला तर सावलीनें पीक खुरटतें, आणि उत्तरेच्या बांधावर लावला तर हिवाळ्यांत सावली शेजाऱ्याच्या उंसांत पडून वृक्षप्रेमाचें पर्यवसान भाऊबंदकींत होतें. म्हणून ओढ्याचा कांठ, पाणंद, विहिरीभोंवतालची पडीक जागा, गायरान व शाळेचें आवार हींच प्रथम धरावींत.

कामाचा आरंभ खड्ड्यापासून न करितां बियांपासून करावा. विकत आणलेल्या रोपाबद्दल मुलास ममत्व वाटत नाहीं. शिवाय पिशवींत फार दिवस राहिलेल्या रोपाचीं मुळें वेटोळें घालून बसलेलीं असतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यांत गोळा कराव्या. त्या सहज रुजतात. जांभळाची बी वाळली कीं मरते, म्हणून फळ खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत पेरावी. एकाच बीपासून कधीं दोन-तीन अंकुर निघतात, त्याचें मुलांस मोठें नवल वाटतें. बहाव्याच्या बीचें कवच फार कठीण. ती दगडावर घासून रात्रभर भिजत ठेवावी. निम्म्या बिया घासून व निम्म्या तशाच पेरून दोन वाफे शेजारीं शेजारीं ठेविले, तर पुस्तकाच्या दहा पानांनीं होणार नाहीं एवढा बोध एका महिन्यांत होतो. या कामीं जाणत्याची मदत दूर नाहीं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत डॉ. श्रीरंग यादव यांनीं सह्याद्रींतील दुर्मिळ वनस्पति, विशेषतः कंदीलपुष्पाच्या जाति, जोपासण्याचें काम केलें. तेथील वनस्पतिउद्यान वर्गाला एकदां तरी दाखवावें.

आतां मुख्य अडचण. रोपास पाण्याची गरज सर्वांत अधिक मे महिन्यांत, आणि शाळेस सुट्टी त्याच महिन्यांत! इयत्तावार रोपें वांटलीं तर सुट्टींत वर्ग पांगतो व रोपें वाळतात. माझें स्पष्ट मत असें कीं, वांटणी वस्तीवार करावी. एका गल्लीचीं पांच-सहा मुलें, त्यांच्या घराजवळचीं दहा रोपें, आणि पाण्याची हमी घेणारा त्याच वस्तींतला एक विहीरवाला शेतकरी, असा गट बांधावा. मुलें सहावी-सातवींतलीं घ्यावीं; दहावीचीं वर्षभरांत निघून जातात, आणि रोपास निदान तीन उन्हाळे सांभाळावें लागतें. आठवड्यांतून एकदां दोन घागरी पाणी बुंध्याशीं सावकाश सोडणें हें रोज शिंपडा मारण्यापेक्षां बरें. पाणी खोल गेलें म्हणजे मूळहि खोल जातें.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची (स्थापना १९६९) मदत अवश्य घ्यावी, पण तारीख आपण ठरवावी. त्या विद्यार्थ्यांस वर्षाला १२० तास सेवा करावयाची असते. वीस विद्यार्थी म्हणजे २४०० तास झाले. हे सारे जुलैच्या एका समारंभांत व छायाचित्रांत घालविणें म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. त्यांचें सात दिवसांचें शिबिर हिवाळ्यांत बोलवावें. तेव्हां उंसाची तोड चालू असते आणि तोडीमागोमाग कोणी तरी पाचट पेटवितो. त्या एका आगींत दोन वर्षांचीं रोपें जातात. शिबिरार्थ्यांनीं रोपांभोंवतीं सहा-सात हात रुंद पट्टा साफ करावा, शेतकऱ्याच्या परवानगीनें पाचट उचलावें आणि बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून त्याचें आच्छादन घालावें. ज्यानें पेटवावयाचें तोच आपल्या शेतांतलें पाचट देऊं लागला, तर अर्धें रक्षण तेथेंच झालें.

कोयता, विहीर व नदी यांपासून लहान मुलें दूर ठेवावींत. पंचगंगेचे २०१९ व २०२१ चे पूर ज्यांनीं पाहिले त्यांस हें सांगणें नको; कांठावरची लावणी प्रौढांनींच करावी. दर दहा मुलांमागें एक जबाबदार माणूस असावा, आणि त्यास वह्या-पेन्सिलींचा तरी खर्च सोसायटीनें द्यावा. फुकटच्या कामाला तिसऱ्या महिन्यांत गळती लागते.

प्रत्येक गटानें एक वही ठेवावी व तींत मेलेल्या रोपाचें कारण लिहावें: शेळी, आग, पाणी कीं वाळवी. लावलेल्यांचा आंकडा सर्वच सांगतात. ज्येष्ठाअखेर जगलेल्यांचा आंकडा ग्रामसभेंत मुलांनीं स्वतः वाचून दाखवावा. दसऱ्याच्या आधींच्या आठवड्यांत वहींतल्या आपट्यांवर विशेष पहारा ठेवावा, आणि आपटा व कांचन यांचीं पानें शेजारीं ठेवून मुलांस भेद दाखवावा. सोन्याच्या हौसेनें कोंवळें झाड शेंड्यासकट ओरबाडलें जातें, तें बहुधा याच दिवसांत.