ऊन पोळते, ऊन बाधते

मराठीत ऊन पोळते आणि ऊन बाधतेही. बोलण्याच्या ओघात ही दोन्ही क्रियापदे एकाच अर्थाने वापरली जातात; परंतु त्यांत मोठा भेद आहे. पोळते ती त्वचा. बाधते ते सबंध शरीराला. हा भेद भिलाईसारख्या गावात नीट समजून घेण्याजोगा आहे.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या झोतभट्ट्यांतून वाहणाऱ्या लोखंडाचे तापमान १४०० अंशांहून अधिक असते. बाहेर मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तेव्हाच्या नऊ दिवसांना येथे 'नवतपा' म्हणतात. अशा उन्हात वाढलेल्या माणसाला ऊन नवे नाही. म्हणूनच मुलांच्या सुट्टीत दुर्ग-पुरी गाडीने समुद्रावर गेलेले कुटुंब किनाऱ्यावर निर्धास्त असते, आणि तेथेच फसते.

पुरीचा पारा भिलाईहून पुष्कळ खाली असतो, शिवाय वारा सुखद लागतो. मात्र त्वचा पोळते ती उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी. आणि हे किरण अंगाला जाणवत नाहीत. विरळ ढगांतूनही ते खाली येतात. कोरडी वाळू त्यांतील सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसलेलाही पूर्ण सुरक्षित नसतो. लाली काही तासांनी उमटते आणि पुढील दिवसभरात वाढत जाते. दुपारी आनंदात न्हालेला माणूस रात्री कूस पालटू शकत नाही, याचे कारण हेच.

पोळलेल्या त्वचेवर थंड पाण्याच्या ओल्या कापडाची घडी ठेवावी. बर्फ थेट लावू नये. कोरफडीच्या गराने आराम पडतो. तूप, लोणी वा तेल मात्र लगेच चोपडू नये, त्याने आतील उष्णता कोंडते. फोड फोडू नयेत. सैल सुती कपडे, भरपूर पाणी आणि सावली, एवढ्यावर बहुतेकांची त्वचा आठवडाभरात सोलून पूर्ववत होते. मोठ्या भागावर फोड आले किंवा ताप भरला, तर डॉक्टरांकडेच जावे.

ऊन बाधणे ही निराळी गोष्ट. घाम येणे आणि तो सुकणे, यांवर शरीराचा थंडावा अवलंबून असतो. रोज उष्णतेत काम करणाऱ्याचे शरीर एक-दोन आठवड्यांत तिला सरावते: घाम लवकर सुटतो, अधिक येतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयावरचा भारही घटतो. पण हा सराव कमावून ठेवलेल्या पैशासारखा टिकत नाही. आठवडाभराच्या रजेतही तो ओसरू लागतो. त्यातच पोळलेल्या त्वचेतून काही दिवस घाम नीट येत नाही. म्हणजे पुरीहून परतलेला कामगार लाल पाठ घेऊन थेट भट्टीसमोर उभा राहिला, तर तो जुना, मुरलेला कामगार राहिलेला नसतो. आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की अनुभवी कामगारानेही परतल्यावर पहिल्या दिवशी उष्णतेतील काम निम्मेच करावे, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. पाळीच्या वेळापत्रकात हे बसवणे सोपे नाही, तरी मुकादमाला सांगण्यात कमीपणा नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, असे पुष्कळांना वाटते. कांदा खिशात राहून काही करीत नाही. बोरे-बासीबरोबर खाल्ला तर गोष्ट वेगळी. पाण्यात भिजवलेला भात म्हणजे बोरे-बासी. पाणी आणि मीठ दोन्ही देणारे छत्तीसगढी श्रमिकांचे हे जुने अन्न. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, राज्य शासनाने ते खाण्याचे आवाहन केले होते. गंमत अशी, की पुरीलाही हाच भात 'पखाळ' या नावाने खातात. विदर्भातून भिलाईत आलेल्या मराठी घरांत कैरीचे पन्हे असतेच. तेही नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे येथवर सावली आणि असे पेय पुरेसे ठरते. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, अंगाचे तापमान ४० अंशांवर गेले, तर तो उष्माघात होय. तेव्हा तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.