स्वॅपचं उत्तर कशावर ठरतं?

चि. भाच्यास,


सी शिकणारे बहुतेक विद्यार्थी एकदा तरी स्वॅपच्या प्रोग्रामपाशी अडतात. फंक्शनच्या आत अदलाबदल व्यवस्थित होते. बाहेर येऊन पाहावं, तर आकडे जागच्या जागी. कंपाइलरची त्यात काही चूक नसते. सीमध्ये फंक्शनच्या हाती फक्त किमतीची नक्कल पडते. मूळ व्हेरिएबल बदलायचं तर त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यावा लागतो.

हे व्हायवापुरतं पाठ करून सोडून देऊ नकोस. कागद घे. ‘क’ची किंमत 2 आणि ‘यादी’ या अ‍ॅरेत दुसऱ्या जागी, म्हणजे ‘यादी[2]’मध्ये, 5 आहेत असं धर. स्वॅपला ‘क’ आणि ‘यादी[क]’ दिले. किंमत पाठवली तर बाहेर काहीच हलत नाही. पत्ता पाठवला तर ‘क’ 5 होतो आणि दुसऱ्या जागी 2 येतात. हवं होतं तेच.

अल्गोल 60 या भाषेत मात्र तिसरंच घडतं. पीटर नॉर यांनी संपादित केलेल्या तिच्या 1960च्या अहवालात पॅरामीटर ‘नावाने’ पाठवण्याची रीत होती, आणि वेगळं सांगितलं नाही तर तीच लागू व्हायची. तीत ‘यादी[क]’ ही पदावलीच आत जाते आणि प्रत्येक वापराला नव्याने मोजली जाते. आधी ‘क’ला 5 मिळतात. मग ‘यादी[क]’ म्हणजे पाचवी जागा झालेली असते आणि 2 तिथे जाऊन बसतात! दुसऱ्या जागेवरचे 5 तसेच राहतात. याच रीतीचा उपयोग करून डेन्मार्कच्या यॉर्न येन्सन यांनी एकाच प्रोसीजरकडून हव्या त्या श्रेणीची बेरीज करून घेतली. युक्ती देखणी खरी, पण असा कोड वाचणाऱ्याचे हाल होतात. पुढच्या बहुतेक भाषांनी ही रीत सोडली, हे बरंच झालं.

आणखी एक खोच. ‘न’ची किंमत 1 आहे आणि दोन्ही पॅरामीटरना एकेक वाढवणाऱ्या प्रोसीजरला तोच ‘न’ दोनदा दिला. पत्त्याने पाठवला तर उत्तर 3. नक्कल आत नेऊन शेवटी परत लिहिली तर 2. अ‍ॅरे आणि रेकॉर्डसाठी यांतली कोणती रीत वापरायची, हे अ‍ॅडाच्या 1983च्या मानकाने कंपाइलरवर सोडलं होतं; त्या फरकावर विसंबणारा प्रोग्राम सदोष ठरवला होता.

तुझ्या पायथॉनमध्येही सावध राहा. फंक्शनला दिलेल्या लिस्टवर अपेंड केलं तर बाहेरची लिस्ट बदलते. त्याच नावाला नवी लिस्ट दिली तर बाहेर फरक पडत नाही. पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट ठेवलीस, तर ती फंक्शन व्याख्येच्या वेळी एकदाच तयार होते आणि मागच्या कॉलमध्ये भरलेलं पुढच्या कॉलमध्ये दिसतं.

तेव्हा नवी भाषा हाती घेतलीस की पहिल्याच दिवशी स्वॅप लिही, उत्तर आधी कागदावर काढ आणि मगच प्रोग्राम चालव. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कळव. सुट्टीत एकत्र बसून पाहू.

तुझा,
मामा