वापरलेली लिफ्ट आणि ती बसवणारा कारागीर



अमेरिकेत वापरलेली व्हीलचेअर लिफ्ट मोटरहोमला बसवून घ्यायची असेल, तर कारागीर आधी ठरवावा आणि लिफ्ट नंतर घ्यावी. बहुतेक घरांत याच्या उलट होते. कुणाची तरी व्हॅन मोडीत निघते, तिच्यातली लिफ्ट स्वस्तात मिळते, गॅरेजात येऊन पडते आणि मग फोनाफोनी सुरू होते. ती लिफ्ट मोटरहोमला जमणारच नाही, हे तेव्हा कळते.

न जमण्याचे मूळ गाडीच्या बांधणीत आहे. व्हॅनचे अंग पोलादी पत्र्याचे असते आणि बहुतेक लिफ्ट तिच्याच जमिनीला नि दाराला धरून बेतलेल्या असतात. मोटरहोमची भिंत बहुधा फायबरग्लास, फोम आणि प्लायवूड यांचे थर चिकटवून केलेली असते. आत ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाचा हलका सांगाडा. तिच्यात भोके पाडून बोल्ट आवळले तर काही दिवस सगळे ठीक दिसते. पुढे थर सुटतात, पाणी झिरपते, लाकूड कुजते, आणि एक दिवस माणूस लिफ्टच्या फळीवर असताना चौकट ढिली पडते. म्हणून भार चासीवर गेला पाहिजे. त्यासाठी खालून पोलादी चौकट करावी लागते. शिवाय मोठ्या मोटरहोमची जमीन व्हॅनपेक्षा बरीच उंच असते, त्यामुळे व्हॅनची लिफ्ट रस्त्याला टेकेलच असे नाही. लिफ्ट, चौकट आणि बॅटरीवरची खुर्ची यांचे वजन एका अंगाला येते, तेव्हा नेहमीच्या सामानासह गाडी आधी वजनकाट्यावर नेऊन किती भार शिल्लक आहे ते पाहावे.

कारागीर शोधताना पहिली विचारणा ‘नॅशनल मोबिलिटी इक्विपमेंट डीलर्स असोसिएशन’च्या सभासद दुकानांत करावी. १९८९ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे सभासद अपंगांसाठी गाड्या बदलून देण्याचेच काम करतात. यातले अनेक जण जुन्या लिफ्टला हात लावत नाहीत. दुसऱ्याने वापरलेल्या यंत्राची जबाबदारी त्यांच्यावर येते, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. मग इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसराकडे वळावे. मोटरहोमच्या धंद्याचे ते माहेरघर. भिंत कुठे कापावी आणि कुठे मुळीच कापू नये, हे जाणणारे लोक तिथे मिळतात. तिसरी वाट सहसा कुणाला सुचत नाही. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामुळे शहरांच्या बसना लिफ्ट किंवा रॅम्प असावाच लागतो, आणि त्यांची दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकांचा हात या यंत्रांवर रोज फिरलेला असतो. त्यांचा पत्ता जवळच्या ‘इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर’मध्ये मिळू शकतो. अशी केंद्रे मुख्यतः अपंग व्यक्तीच चालवतात, म्हणून तिथली शिफारस दुकानाच्या जाहिरातीपेक्षा जास्त भरवशाची.

गाडीच्या मूळ सुरक्षा-व्यवस्थेत धंदेवाईक कारागिराला मनमानी बदल करता येत नाहीत. अपंग व्यक्तीसाठी काही सवलती आहेत. त्या वापरणाऱ्या कारागिराने महामार्ग सुरक्षा खात्याकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे नोंद केलेली असावी लागते. ही नोंद आहे का, हे सरळ विचारावे. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो स्वतःही भाव सांगण्यापूर्वी खुर्चीची रुंदी, बसणाऱ्याचे वजन आणि बसल्यावरची डोक्याची उंची विचारतो. नुसत्या फोटोवरून आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नये.

लिफ्ट निवडताना बनावटीचे साल पाहावे. २००५ पासून लागू झालेल्या संघीय मानकांनुसार लिफ्ट बाहेर असताना गाडी हलू नये अशी अडसर-व्यवस्था लागते, वीज गेल्यास हाताने चालवण्याची सोय लागते आणि लिफ्ट किती वेळा चालली हे मोजणारा गणकही लागतो. जुन्या मालात हा गणक फार मोलाचा. खासगी वापराच्या लिफ्टची चाचणी किमान १८१ किलोंवर होते. जड खुर्ची आणि धिप्पाड माणूस मिळून हा आकडा ओलांडू शकतात, त्यामुळे पट्टीवरची भारक्षमता वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ही पट्टी किंवा अनुक्रमांक खरवडलेला असेल तर लिफ्ट कितीही स्वस्त असो, घेऊ नये. क्रमांकाशिवाय कंपनीने तो माल परत मागवला होता का, हे तपासता येत नाही. खुर्ची बांधायचे पट्टे तर नवेच घ्यावेत.

काम झाल्यावर आधी वाळूच्या पोत्यांनी पूर्ण भार देऊन लिफ्ट वरखाली करावी, मग वीज तोडून हाताच्या पंपाने. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला त्यानंतरच वर घ्यावे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. वायरिंगचा नकाशा मागून घ्यावा आणि पहिल्या मोठ्या प्रवासानंतर बोल्ट नि दाराचे रबर पुन्हा तपासण्याची तारीख बिलावरच लिहून घ्यावी.

— काका