राहणाऱ्या माणसाचा शब्द

माझी आत्या कानंद खोऱ्यात दिली होती. वेल्हे तालुका, २०२४ साली सरकारने त्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, आमच्या तोंडात मात्र अजून वेल्हेच. आत्याला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. भाताची खाचरं, कौलारू घर आणि गोठा तिने एकटीने रेटला. पावसाळ्यात अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिच्या दिराच्या मुलांनी तिला महामार्गाजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं.

मुलांना मी नावं ठेवणार नाही. दोघंही पुण्यात नोकरीला, घरं लहान, सुना कामाला जाणाऱ्या. भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत आज हेच चित्र आहे. तरणी माणसं शिरवळच्या नाहीतर पुण्याच्या कंपन्यांत, आणि वाडीवर म्हातारी माणसं. माणूस अंथरुणाला खिळला की त्याला उचलायला, धुवायला, कुशीवर वळवायला रोज दोन माणसं लागतात. ती घरात नसतील तर आश्रम शोधणं यात कसलंही पाप नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. आश्रमाच्या दारातून आत गेलेल्या माणसाला विचारायचंच बंद होतं. सगळे प्रश्न पैसे भरणाऱ्याला, सगळी उत्तरंही त्याचीच.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा फाटकावरच अडवलं. "ताई, पुतण्यांची परवानगी आणा. फी ते भरतात. आणि भेट फक्त रविवारी." मी म्हटलं, "आत जाऊन आत्यालाच विचारा की, मला भेटायचंय का." हे त्या माणसाला कधी सुचलंच नव्हतं. व्यवस्थापकांनी फोनवरून पुतण्याला विचारलं, तो हो म्हणाला, मग मला आत सोडलं. आत्याला काही कळवलं नव्हतं. मला बघून ती रडायलाच लागली, आणि तिथली काम करणारी मावशी म्हणाली, "आजींना सवय आहे रडायची."

आत्या उताणी पडली होती. पलंगाच्या कठड्याला तिचा उजवा हात जुन्या ओढणीने बांधलेला. विचारलं तर म्हणे, रात्री उठायला बघतात, पडतील. खोलीत फिनाइलचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास. घरात कुणी बरेच दिवस अंथरुणावर असेल तर तो ओळखता येतो. मी आत्याला कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, कडा काळपट, मधे पिवळं. टाचेवरही तसंच सुरू झालं होतं. डायपर सकाळचं, आणि तेव्हा दुपार टळत आली होती.

बेडसोर एका दिवसात होत नाही. आधी कातडी लाल होते, बोटाने दाबली तरी लाली जात नाही. तेव्हाच कूस बदलली, जागा कोरडी ठेवली, एअर बेड लावला, तर पुष्कळदा तिथेच थांबतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची आणि ते कागदावर टिपून ठेवायचं, ही शुश्रूषेतली अगदी प्राथमिक गोष्ट. मी तो तक्ता मागितला. तक्ता नव्हता. डॉक्टर शेवटचे कधी येऊन गेले ते विचारलं, फाइल मागितली. "फाइल नातेवाइकांनाच दाखवतो." मी भावाची मुलगी, पण त्यांच्या लेखी नातेवाईक म्हणजे पावतीवर नाव असलेला.

पुढे भोरला आणून तिच्यावर उपचार केले. जखम भरायला फार वेळ लागला. आता ती आमच्या घरी, ओटीवरच्या पलंगावर आहे. पण या सगळ्यात कायद्याचं मी जे शिकले, ते आपल्या भागातल्या लोकांना ठाऊक नाही, आणि म्हणूनच फाटकावरचा माणूस इतक्या बिनधास्तपणे परवानगी मागतो.

फी पुतणे भरत होते म्हणून हक्क त्यांचा, हा समज मुळातच खोटा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक आहे. म्हणजे पलंगावरची आत्या स्वतः ग्राहक होती. सेवेत कसूर झाली तर ती जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. त्यासाठी कागद मात्र हवा. म्हणून दाखल करतानाच करारनामा लिहून घ्या, मराठीत, आणि राहणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्याचा अंगठा लावू देऊ नका. महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, ड्रेसिंग धरलंय की वेगळं, रात्री किती माणसांमागे किती मावशा, डॉक्टर किती दिवसांनी, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण नेणार, डिपॉझिट कधी परत, हे सगळं त्यात यायला हवं. "आपण घरच्यासारखंच बघतो" हे वाक्य ऐकलं की मी आता वही उघडते.

दुसरं, संस्थेची नोंदणी. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. पण ट्रस्टची नोंदणी म्हणजे शुश्रूषेची परवानगी नव्हे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांचा कायदा १९४९ पासून आहे. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा त्या कायद्याने शुश्रूषागृह ठरते आणि तिची नोंदणी लागते. चालत्याफिरत्या माणसांचं वसतिगृह वेगळं. पण कॅथेटर, नाकातली नळी, ड्रेसिंग असलेले रुग्ण ठेवून वर "आम्ही फक्त आश्रम" असं म्हणणं मला मान्य नाही. दोन्हीपैकी काय ते त्यांच्याकडून लेखी घ्या. वृद्धसेवा केंद्रांची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालंच नाही. ही पळवाट अजून उघडी आहे, म्हणून घरच्यांनाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि आपल्या दोन तालुक्यांत ती सर्वांत नाजूक. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, भाटघर-गुंजवणीच्या कडेला गुंठ्यांना काय भाव आलाय ते मी सांगायला नको. आत्याला आश्रमातल्या एकाने सुचवलं होतं, "आजी, जमीन संस्थेला बक्षीस द्या, जन्मभर सांभाळू." तिने ऐकून घेतलं आणि गप्प बसली, हे तिचं शहाणपण. असं बक्षीसपत्र पुतण्याला असो वा संस्थेला, 'सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याण कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकाला तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करताना दमछाक होते.

याच कायद्याने निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाचा खर्च त्याच्या नातेवाइकावरही येतो. ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे, आणि ज्याची ऐपत आहे, तो नातेवाईक. आत्याची खाचरं सासरची, म्हणजे उद्या पुतण्यांचीच. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा, त्याचे प्रमुख प्रांतसाहेब. भोर आणि वेल्हे दोन्हींचं प्रांत कार्यालय भोरलाच आहे. वकिलाची गरज नाही. म्हातारं माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. आम्ही अर्ज लिहिला. पुतण्यांना तो आधी घरी बोलावून वाचून दाखवला, तेव्हा दोघांनी आपणहून दरमहाचा वाटा ठरवला. बोलून सुटत असेल तर बोलूनच सोडवावं. पण हातात लिहिलेला अर्ज असला की बोलणं लवकर संपतं.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा मोफत दूरध्वनी आहे. महाराष्ट्रात तो पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनमार्फत चालतो, त्यांचं वृद्धांसाठीचं काम आपल्या पानशेतजवळ आंबीलाही आहे. मला अर्जाची दिशा त्या नंबरवरून मिळाली. मारहाण, बांधून ठेवणं, कोंडणं दिसलं तर मात्र थांबू नका, सरळ पोलीस ठाणं. आणि सांभाळायला घेतलेल्या वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पोरांना जसं लागू, तसं ज्याच्या ताब्यात तो वृद्ध आहे त्या कुणालाही.

भेटीबद्दल एवढंच. न कळवता जा, जेवणाच्या वेळेला जा, आणि एकदा तरी संध्याकाळी उशिरा जा, कारण माणसं कमी असतात ती तेव्हा. पाठ, टाचा, खुबे स्वतः बघा. लाज वाटू देऊ नका. जवळच्या पलंगावरच्या माणसाशीही दोन शब्द बोला. आत्याच्या शेजारच्या आजींनीच मला हळूच सांगितलं होतं की हात रोज बांधतात. आधार कार्ड, पेन्शनचं पासबुक संस्थेच्या कपाटात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि राहणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा फोन असू द्या, साधा बटणांचा, आपले दोन नंबर मोठ्या अक्षरात मागे चिकटवलेला.

एक मागणी आपल्या गावकारभाऱ्यांकडे. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी सोय असावी असं म्हटलंय. ती होईल तेव्हा होईल. तोवर ग्रामपंचायतीने एवढं करावं: गावातला कोणता म्हातारा, कोणती म्हातारी कुठल्या आश्रमात आहे, याची यादी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी गावातल्या एकाने तिथे जाऊन यावं. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी लेखी द्या. आमच्या गावात मी दिलाय.