पक्कड आधी, पातं नंतर

चि. बाळास,


वनरक्षक म्हणून गडचिरोलीत रुजू होताना कमरेच्या पट्ट्याला कोणतं मल्टिटूल लावावं, असं तू विचारलं आहेस. सोबत पाठवलेल्या चित्रांत प्रत्येकाखाली अवजारांची संख्या ठळक छापली आहे. ती संख्या बाजूला ठेव आणि आधी पक्कड बघ. जंगलात जाणाऱ्याला सुरी हवी, असं आपण गृहीत धरतो. पण बीटवरचं काम डोळ्यांपुढे आण. बांबू तोडायला, वाटेत पडलेली फांदी छाटायला वनमजुरांकडे कुऱ्हाड-कोयता असतोच, आणि तीन इंची पात्याने ते काम होणारही नाही. तुझा संबंध येणार तो तारेशी आणि स्क्रूशी. वाघांच्या मोजणीसाठी पायवाटेच्या दोन्ही अंगांना गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे लावतात. ते झाडाला आवळायचे, सेल बदलायला उघडायचे, गंजलेला स्क्रू फिरवायचा. कुंपणाची तार पिळायची, गाडीची सैल झालेली केबल ओढून बसवायची. शिवाय चितळ-रानडुकरांसाठी लावलेले फासे. ते पुष्कळदा क्लच वायरचे असतात आणि त्यात बिबट, अस्वल, वाघही सापडतो. यातल्या एकाही कामाला पातं पुरत नाही.

हा विचार नवा नाही. स्विस सैनिकांसाठी 1891 साली चाकू बनवणारे एल्सेनर यांनी पुरवायला घेतलेल्या चाकूत पातं, टोच्या, डबा उघडणी आणि पेचकस होतं, पक्कड नव्हती. टिम लेदरमन 1975 साली जुन्या फियाटमधून युरोप फिरत होते. गाडी दुरुस्त करताना खिशातल्या चाकूला पक्कड नाही, ही उणीव त्यांना जाणवली, आणि 1983 साली त्यांचं पहिलं हत्यार बाजारात आलं. म्हणजे आज ज्याला मल्टिटूल म्हणतात, त्याचा जन्मच पकडीच्या गरजेतून झाला आहे. म्हणून हातात घेशील तेव्हा पकडीचे दोन्ही जबडे मिटवून उजेडासमोर धर. टोकाशी फट दिसली तर बारीक तार त्यात धरली जाणार नाही. ते हत्यार परत ठेव. तार कापायची धार झिजल्यावर बदलता येते का, तेही विचार. पातं उघडल्यावर खटका बसून घट्ट राहायला हवं, नाहीतर जोर लावताना ते बोटांवर मिटतं. पोलाद फार कडक नको. मध्यम पोलादाची धार लवकर जाते हे खरं, पण संरक्षण कुटीवरच्या साध्या दगडावर ती पुन्हा लावता येते. अतिकडक पोलादाला हिऱ्याची पट्टी लागते आणि ती तिथे कुठून आणशील? वजन पाव किलोच्या आसपास असावं. त्याहून जड वस्तू आठवडाभरात कुटीतल्या खिळ्याला लटकते.

कुणी म्हणेल, दोन-तीनशे रुपयांची साधी पक्कड याहून मजबूत असते. असतेच. ती गाडीच्या डिकीत जरूर ठेव. पण गस्त पायी असते, आणि डिकीतली पक्कड पाणवठ्याजवळच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. चांगलं मल्टिटूल महाग पडतं, आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त नकलांचे सांधे लवकर ढिले होतात. पगार सुरू होईपर्यंत छोटी पक्कड आणि मिटणारा चाकू घे. नक्कल घेऊ नकोस. स्टेनलेस म्हणजे गंज नाही, असंही समजू नकोस. तिथल्या पावसाळ्यात आणि घामाच्या मिठाने सांधे धरतात. आठवड्याला पुसून शिवणयंत्राचं थेंबभर तेल सोड. कायद्याची काळजी नको. शस्त्र नियमांतली पात्याची मर्यादा नऊ इंच लांबीची आहे. फक्त विमानात ते हातातल्या पिशवीत नेता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जवळ कापायचं साधन असलं की हात आधी तिकडे जातो. रिकामा फासा दिसला तरी लगेच कापू नकोस. तो पुरावा आहे. आधी फोटो, जागेची नोंद, वनपालांना खबर, पंचनामा, मग फास सैल करून खुंटीपासून सोडव. फाशात जिवंत जनावर असेल तर मागे सर आणि बचाव पथकाला बोलाव. आणि शेताच्या कडेला ताणलेली तार दिसली, तर ती वीज सोडलेलीच आहे असं समज. 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेच्या झटक्याने गेला. मल्टिटूलची मूठ उघड्या पोलादाची असते; वीज तिच्यातून थेट हातात उतरते. महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्या तारेला हत्यार लावू नकोस, सोबतच्या वनमजुरालाही लावू देऊ नकोस.

तुझा,
मामा