मेनू दिसतो भारी, पण चालतो कसा?

मेनू म्हटलं की आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधी मेसचा फळा येतो. मित्रांनो, हा लेख त्या मेनूबद्दल नाही. (त्याबद्दल लिहायला बसलो तर अख्खा अंक पुरणार नाही!) गेम चालू केल्यावर समोर येणारा, मध्येच पॉझ केल्यावर उघडणारा, बॅग, शस्त्रं, नकाशा, सेटिंग हे सगळं दाखवणारा जो मेनू असतो, त्याबद्दल मला थोडं लिहायचं आहे.

पूर्वी या मेनूकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. आता नवीन गेम येणार म्हटलं की ट्रेलरमध्ये मेनूसुद्धा झळकतो आणि विंगेत चर्चा सुरू होते, "अरे, मेनू बघितलास का? काय भारी आहे!" भारी असतो हे खरंच. पण आपण पडलो इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. एखादी वस्तू भारी आहे म्हटलं की ती मोजायची कशी, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा. ट्रेलरमध्ये मेनू एकदाच उघडतो. खेळणारा तो हजारो वेळा उघडतो. माझ्या मते मेनूची परीक्षा पहिल्यांदा उघडताना होत नाही, पाचशेव्यांदा उघडताना होते, आणि गाजावाजा मात्र सगळा पहिल्या वेळेचा असतो.

आधी थोडी थिअरी. घाबरू नका, दोनच नियम आहेत. १९५२ साली हिक यांनी दाखवलं की समोर जितके पर्याय जास्त तितका निवडीला वेळ जास्त लागतो, पण तो सरळ रेषेत वाढत नाही, लॉगॅरिदमच्या हिशोबाने वाढतो. १९५४ साली पॉल फिट्स यांनी हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेण्याचा नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका वेळ जास्त, आणि इथेही लॉगॅरिदम आहेच. माउसचा कर्सर बटणापर्यंत न्यायला किती वेळ लागेल याचा अंदाज आजही या दुसऱ्या नियमाने करतात. हिकच्या नियमात एक मेख आहे. कोणता पर्याय कुठे आहे हे माणसाला आधीच ठाऊक असेल तरच तो नीट लागू पडतो. यादी अनोळखी असेल तर आपण वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि मग वेळ सरळच वाढतो. म्हणून जागा न बदलणारा साधा मेनू काही दिवसांनी हाताला पाठ होतो आणि डोळ्यांची गरजच उरत नाही.

आता ज्या गेमपासून हे वेड खऱ्या अर्थाने पसरलं तो पाहू. जपानच्या ॲटलस कंपनीचा 'पर्सोना ५' तिकडे सप्टेंबर २०१६ मध्ये आला आणि एप्रिल २०१७ मध्ये बाकी जगात. लाल, काळा, पांढरा असे तीनच रंग, तिरकी अक्षरं, वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखी शीर्षकं. गोष्ट आहे चोरांच्या टोळीची, आणि टोळी आपल्या सावजाला आधी चिठ्ठी पाठवते. म्हणून अक्षरं तशी. नुसती सजावट नाही, कथेशी नातं आहे. त्यानंतर तिरक्या लाल-काळ्या मेनूची लाटच आली. कॉलेजच्या फेस्टची पोस्टरंसुद्धा त्यातून सुटली नाहीत, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

पण नकला करणाऱ्यांनी घेतला तो वरचा रंग. खरं काम रंगाच्या खाली आहे. याच मालिकेतल्या 'पर्सोना ३' (२००६) आणि 'पर्सोना ४' (२००८) मध्ये लढाईच्या वेळी आज्ञांचं एक चक्र असायचं. ते फिरवायचं, हवी ती आज्ञा समोर आणायची, मग बटण दाबायचं. 'पर्सोना ५' मध्ये हे चक्र गेलं. हल्ला, बचाव, वस्तू वगैरे प्रत्येक आज्ञेला कंट्रोलरवरचं स्वतःचं बटण मिळालं आणि त्या आज्ञा पात्राभोवती त्या त्या बटणाच्या खुणेसकट लिहिल्या गेल्या. दोन-तीन दाबांचं काम एका दाबात. शिवाय जागा पक्की, त्यामुळे थोड्याच वेळात अंगठा आपोआप चालायला लागतो. डोळ्यांना गोंधळ वाटतो, पण हाताला सगळं सरळ असतं. पॉझचा मुख्य मेनू घ्या. शब्द लहानमोठे, वाकडेतिकडे मांडलेले, मागे नायकाची आकृती उड्या घेतेय. पण वर-खाली करून पाहा, आत साधी उभी यादीच आहे. आणि जिथे भरपूर वाचायचं असतं, म्हणजे संवाद, तिथे काळ्या चौकटीत पांढरी साधी अक्षरं. नखरा कुठे करायचा आणि कुठे आवरायचा, हे त्या मंडळींना बरोबर कळलं होतं.

हे आपोआप झालेलं नाही. या गेमचे दिग्दर्शक कात्सुरा हाशिनो यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की सुरुवातीच्या आवृत्तीतला मेनू वाचताच येत नव्हता, पुष्कळ फेरफार केल्यावर तो वाचण्याजोगा झाला. प्रत्येक मेनू वेगळा बनवायचा हे काम वैतागवाणं आहे, असंही ते म्हणाले. प्रत्येकामागे वेगळा प्रोग्रॅम चालतो म्हणे! ज्यांनी प्रोजेक्टसाठी चार फॉर्म आणि एक लॉगिन पेज केलंय त्यांना हे दुःख कळेल.

याच हाशिनोंचा 'मेटाफर: रीफँटाझिओ' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्तम कलादिग्दर्शनाचा पुरस्कार घेऊन गेला. ब्रशने रंगवल्यासारखा मेनू, मागे नायकाचं मोठं चित्र. देखणा आहे, वादच नाही. पण माझं मत विचाराल तर इथे गाजावाजा थोडा पुढे निघून गेला. पडद्यावर एकाच वेळी इतकं काही चाललेलं असतं की नजरेला उतरायला जागा सापडत नाही. 'पर्सोना ५' मध्ये जे तोलून धरलं होतं, ते इथे कडेला आलंय. सवय होते, पण सवय व्हावी लागते.

इथे एक छोटा हिशोब करू. समजा, मेनू उघडताना अर्ध्या सेकंदाची एक झकास हालचाल होते आणि ती संपेपर्यंत बटण चालत नाही. तासाला ३० वेळा मेनू उघडला आणि गेम १०० तासांचा असला (असले गेम तेवढे चालतातच), तर ३००० वेळा अर्धा सेकंद म्हणजे १५०० सेकंद. पंचवीस मिनिटं नुसती वाट बघण्यात! म्हणून हालचाल किती आहे यापेक्षा ती आपल्याला अडवते का, हे बघावं.

उलट टोकाचं उदाहरण 'डेड स्पेस' (२००८). याचा गवगवा झाला तो मेनू 'नाही' म्हणून. नायक आयझॅकची तब्येत पडद्याच्या कोपऱ्यात नाही, त्याच्या सूटच्या पाठीवर, कण्यावर दिव्यांच्या पट्टीने दाखवलेली. गोळ्या किती उरल्या ते बंदुकीवरच. सामानाची यादी त्याच्यासमोर हवेत उमटते, आणि ती उघडली तरी गेम थांबत नाही. तुम्ही बॅगेत औषध शोधताय आणि मागून काहीतरी सरपटत येतंय! इथे मी पूर्ण मार्क देतो, कारण कल्पना नुसती दिसण्यासाठी नाही, भीती वाढवायला वापरली आहे. त्रिमितीय नकाशा मात्र मला कधी धड कळला नाही. बटण दाबलं की जमिनीवर वाट दाखवणारी रेघ उमटते, खरं काम तीच करते.

कन्सोलवर कंट्रोलरने कर्सर फिरवायचा ही कल्पना 'डेस्टिनी'ने (२०१४) गाजवली. ऐकायला वेडेपणा वाटतो. अंगठ्याने माउस चालवायचा? पण बंजी कंपनीने कर्सर बटणावर आला की त्याचा वेग कमी केला. म्हणजे पडद्यावर बटण आहे तेवढंच, पण हाताला ते मोठं लागतं. फिट्सचा नियम बरोबर उलटा वापरला बघा! पुढे अनेकांनी कर्सर घेतला. काहींनी त्यामागचा विचार सोडून घेतला, आणि ते खेळताना लगेच जाणवतं.

'स्कायरिम' (२०११) सगळ्यांना माहीत आहेच. त्याचा मेनू कंट्रोलर समोर ठेवून केलेला, सुटसुटीत, मोठी अक्षरं. पीसीवाल्यांना तो पटला नाही, कारण शंभर वस्तूंची नुसती नावं, आणि वजन-किंमत बघायला एकेकीवर जायचं. खेळणाऱ्यांनीच 'स्काययूआय' नावाचा मॉड केला. रकाने, क्रम लावायची सोय, शोधायची सोय. दिसायला चक्क एक्सेल शीट! आणि तो त्या गेमच्या सर्वांत लोकप्रिय मॉडपैकी एक ठरला.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर फेब्रुवारी २०२५ मधला 'सिव्हिलायझेशन ७'. या जातीच्या गेममध्ये अर्धा खेळ म्हणजे मेनूच असतो. साम्राज्य चालवायचं ते आकडे वाचून. नव्या आवृत्तीची रचना स्वच्छ, शांत, मोकळी केलेली होती. पण लागणारी माहितीच सापडेना म्हणून खेळणाऱ्यांनी स्टीमवर तक्रारींचा पाऊस पाडला. कंपनीनेही मेनूत सुधारणा करू असं जाहीर केलं आणि पुढे त्या येत गेल्या. स्वच्छ दिसावं म्हणून माहिती लपवली तर ती स्वच्छता काय कामाची?

अक्षरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हा प्रश्न आपल्या रूममधला आहे. २००६ साली 'डेड रायझिंग' आला तेव्हा जुन्या डब्बा टीव्हीवर त्याची अक्षरं वाचताच येत नव्हती. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवे एचडी टीव्ही होते. आज टीव्ही बदलले, खोड तीच राहिली. डिझायनर मोठ्या मॉनिटरपासून दोन फुटांवर बसतो, आणि इथे एका मॉनिटरसमोर पाच जण, त्यातले दोघे मागच्या कॉटवर. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक नियमांत १०८० रेषांच्या टीव्हीवर अक्षर किमान २६ पिक्सेल असावं असं म्हटलं आहे, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या अडीच टक्क्यांहून थोडं कमी. आपल्या प्रोजेक्टचा स्क्रीनसुद्धा एकदा या पट्टीने मोजून बघा. व्हायव्हाला एक्स्टर्नल तो एकदाच बघणार, फिरणारा लोगो बघून खूशही होणार. पण उद्या आपल्यापैकीच कोणीतरी रुग्णालयाचा किंवा तिकीट खिडकीचा स्क्रीन करणार आहे, आणि त्याच्यासमोर एखादी बाई रोज आठ तास बसणार आहे.

शेवटचा गेम 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (जून २०२०). नॉटी डॉग कंपनीने त्यात साठाहून जास्त सुलभतेच्या सेटिंग दिल्या. दिसायला कमी, ऐकायला कमी किंवा हाताची हालचाल कमी, अशांसाठी तयार संच आहेत. अक्षरं मोठी करता येतात, रंगांचा फरक वाढवता येतो, मेनू वाचून दाखवणारा आवाजही आहे, आणि या सेटिंग गेम सुरू करतानाच समोर येतात, शोधत बसावं लागत नाही. मेनू दिसायला अगदी साधा, काळ्यावर पांढरा. या गेमची पीसी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली आहे. ज्याच्याकडे असेल त्याने एक करावं. आवाज चालू ठेवून डोळे मिटायचे आणि सुरुवातीच्या मेनूपासून सबटायटलच्या सेटिंगपर्यंत पोचून दाखवायचं. मग हाच प्रयोग आपल्या आवडत्या भारी मेनूवर करून बघायचा.